सुधाबेनचे वाकडे पाहुणे

सुधाबेनच्या घरात एकच टेबलफॅन होता आणि तो कॉम्प्युटरला लावलेला असायचा. स्टुलावर पंखा, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे, आणि बेन स्वतः घामाने ओल्या, पदराने मान पुसत बसलेल्या. मी पहिल्यांदा भांडी घासायचं काम विचारायला गेले तेव्हा पिंकी चार महिन्यांची होती, कडेवर, घामोळ्यांनी लाल झालेली, आणि मी दारातच उभी, कारण आधीच्या तीन घरांनी सांगितलं होतं, काम पाहिजे तर पोरगी घरी ठेवून ये. घरी कोणाजवळ ठेवू? पिंकीचे पप्पा बारा तास लूमवर, सासूबाई दिवसभर साड्यांना टिकल्या लावणार, त्यांना मान वर करायला वेळ नाही. सुधाबेननी पिंकीकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि पंखा वळवला. अर्धाच.

"दोघांत मिळून चालेल," म्हणाल्या. "हा गरम झाला तर न सांगता मरतो. ही निदान रडून सांगेल."

मी हसले नाही. मला तेव्हा कोणी काही बोललं की मी एक पाऊल मागेच सरायचे. सातवीतून शाळा सुटलेली, सोळाव्या वर्षी लग्न, खानदेशातून थेट सुरत, कोसाडच्या वसाहतीत एका खोलीत पाच माणसं, आणि अमरोलीचा पूल ओलांडून एकटीनं कतारगामला बेनकडे शटल रिक्षाने, अनोळखी माणसांत बसून जायचं म्हटलं तरी भीती वाटायची. आता पिंकी बालवाडीत जाते तरी मी तशीच आहे. पण सुधाबेनबद्दल लिहायचं ते माझ्या भीतीमुळेच लिहायचं आहे, कारण मी जे केलं ते भीतीने केलं, आणि भीतीने केलं म्हणून ते लहान होत नाही.

बेन कॉलेजात गणित शिकवायच्या. बडोद्याच्या मराठी, पण सुरतेत सगळ्यांनी बेन करून टाकलेल्या. मराठी बोलता बोलता मध्येच "चाल, बेस" म्हणायच्या, म्हणजे बस. लग्न केलेलं नाही, पन्नाशी उलटलेली. विचार करताना चष्मा काढायच्या आणि हाताला येईल त्या डब्यात ठेवायच्या, चहाच्या, साखरेच्या, एकदा तर भिजवलेल्या वाटाण्यात. मग घरभर शोधायच्या. भांडी घासण्याआधी चष्मा शोधणं हे माझं पहिलं काम असायचं.

कॉम्प्युटर कॉलेजचा होता. त्यांच्या कामासाठी घरी आणू दिलेला. काम काय ते मला त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, कारण त्या दिवशी ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. जमिनीच्या उंचीचे आकडे कॉम्प्युटरला द्यायचे, नुसते आकडे, चौकटीत लिहिलेले, आणि त्याने सांगायचं की इथे डोंगर किती, खड्डे किती, खिंडी किती, आणि पाणी कुठून कुठे जाईल. आणि त्याचं चित्र काढायचं, झाडासारखं, फांद्या फांद्यांचं. एवढ्या आकड्यांत माणसाचा डोळा हरवतो, चित्रात हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"पण तो खरं सांगतो की नाही ते कसं कळणार?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक, बहुतेक गप्प बसायची भीती वाटली म्हणून.

बेन एकदम माझ्याकडे वळल्या. "मंगल, हाच प्रश्न! बाकी सगळं सोपं आहे, हाच एक अवघड आहे. त्याला पाहुणे आणून द्यायचे. सरळ पाहुणा आला तर घरातलं काहीच कळत नाही. वाकडा आणायचा. चहा गार आहे म्हणणारा, पाटावर न बसणारा. मग कळतं आपलं घर कसं आहे ते."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वाकडे पाहुणे बनवायला लागले. म्हणजे भांडी झाली की अंगणातल्या मोठ्या परातीत चिकणमाती थापायची आणि डोंगर करायचे. परातीवर लाकडी चौकट, चौकटीला आडवे-उभे दोरे बांधलेले, खाटेसारखे. जिथे दोन दोरे एकमेकांवर येतात तिथून स्वेटर विणायची सुई खाली सोडायची, मातीला टेकली की सुईवरची खूण वाचायची, कागदावर लिहायची. सुई बेनच्या आईची. सुरतेत स्वेटर कोणाला लागतो, म्हणून ती तशीच पडून होती.

घरी सासूबाई विचारायच्या, "काय वं, तठे चिखल खेळाना पगार भेटस का तुले?" मी म्हणायचे, हो. त्या कपाळाला हात लावायच्या.

पडताळा करायची बेनची एक युक्ती होती. डोंगर मोजायचे, त्यात खड्डे मिळवायचे, त्यातून खिंडी वजा करायच्या. परातीच्या बाहेर सगळीकडे समुद्र धरायचा आणि तो पण एक खड्डा म्हणून मोजायचा. उत्तर दोनच यायला पाहिजे. माती कशीही थापा, दोन. मला हे खोटं वाटायचं. मी एक डोंगर केला, डोंगर एक, समुद्र एक, दोन. दोन डोंगर केले, मध्ये एक खिंड, दोन आणि एक तीन, वजा एक, दोन. मी घरी येऊन पिंकीच्या पप्पांच्या ताटातल्या भातावर पण करून बघितलं. दोनच. ते म्हणाले, जेवू दे.

कॉम्प्युटरचं उत्तर दोन आलं तर पडद्यावर हिरवी रेघ यायची, नाही आलं तर लाल.

आणि बेनचा सगळ्यात उलटा स्वभाव इथेच होता. हिरवी रेघ आली की त्यांचं तोंड उतरायचं. "पास झाला. आज काही शिकायला नाही मिळालं." आणि लाल आली की टाळी वाजवायच्या, एकच, मोठी, आणि मला बेकरीत पाठवायच्या नानखटाई आणायला.

एकदा मी मोठ्या मेहनतीने डोंगर केले होते आणि पिंकी रांगत आली, उभी राहायला परात धरली आणि तिचा पाय फदकन मातीत. मी किंचाळले. सगळं मोडलं, आता बेन बोलतील, म्हणून मी घाईने माती सारखी करायला गेले तर बेन आतून धावत आल्या, "हात नको लावू! राहू दे तसंच!" पिंकीच्या टाचेने आणि बोटांनी अशी एक जागा झाली होती की तिथे तीन डोंगर आणि तीन घळी एकाच ठिकाणी येत होत्या. आम्ही सुईने सगळं मोजलं, आकडे घातले आणि लाल रेघ. तीन आले. बेननी टाळी वाजवली. कॉम्प्युटर ती खिंड एक म्हणून मोजत होता, ती दोन म्हणून मोजायला पाहिजे होती. तीन दिवस बसून त्यांनी प्रोग्राम सरळ केला. त्या कागदावर त्यांनी वर लिहिलं, पिंकीचा पाय, आणि तो कागद पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्यात सगळे वाकडे पाहुणे होते. नानखटाईतली अर्धी पिंकीला दिली, भिजवून.

हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. चुकलं की त्या रागवत नाहीत, खूश होतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला मला जड जातंय.

कॉलेजातले मोठे सर एक दिवस घरी आले. मी आत भांडी विसळत होते. त्यांचं बोलणं गोड होतं पण मला सगळं ऐकू येत होतं. मुंबईहून एक सर येणार आहेत, त्यांच्यासमोर बेनने प्रोग्राम दाखवायचा. त्यांना पसंत पडला तर काम पुढे चालेल. नाही तर "बेन, कॉम्प्युटर पाछो मोकलवो पडशे," परत पाठवावा लागेल, पोरांना शिकायला लागतो.

मी नळ बंद केला. बेनचं काय होईल हे माझ्या मनात आलंच नाही, खोटं कशाला सांगू. कॉम्प्युटर गेला तर माती गेली, माती गेली तर नुसती भांडी, आणि एकट्या बाईची भांडी किती असतात. मग पिंकीला पंख्याच्या वाऱ्यात झोपवू देणारं दुसरं घर मी कुठून आणणार, हे आलं.

सर गेल्यावर बेन म्हणाल्या, "मंगल, शेवटचा एक पाहुणा पाहिजे. तूच सांग. सगळ्यात वाकडा कोण?"

मी म्हणाले, "बेन, आमच्याकडे असे डोंगर नसतात. आमच्या वसाहतीचं मैदान तर ताटासारखं आहे. पाऊस झाला की पाणी तिथेच उभं राहतं, कुठे जायचं ते त्यालाच कळत नाही."

बेननी चष्मा काढला. ठेवायला डबा सापडेना म्हणून माझ्या हातात दिला. "सपाट," म्हणाल्या. "अरे वा ग मंगल. सपाट! याच्याहून वाकडं काय असणार? सगळ्यांची उंची सारखी असली तर डोंगर कोणाला म्हणायचं?"

रविवारी त्या कोसाडला आल्या. आमच्या शेजारी भिकनदादा गवंडीकाम करतात, त्यांची पाण्याची नळी घेतली. नळी म्हणजे पारदर्शक, आत पाणी भरलेलं, एका माणसाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, दोन्हीकडे पाण्याची उंची एकच असते, त्यावरून जमीन किती वरखाली ते कळतं. गवंडी घराचा पाया असाच काढतात. एक टोक बेनने धरलं, एक मी. सगळी वसाहत बघायला आली. भिकनदादा ओरडत होते, "बेन, नळी ताणू नका, ती गाय नाही!" बेन एवढ्या हसल्या की पाणी सांडलं आणि परत भरावं लागलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वसाहतीत कोणाची भीती वाटली नाही.

आकडे आले ते जवळजवळ सगळे सारखेच. सहा, सहा, सहा, सात, सहा, सहा.

दुसऱ्या दिवशी बेनला परीक्षेचं काम होतं. "आकडे तू घाल," म्हणाल्या. मला त्यांनी एका बोटाने आकडे दाबायला शिकवलं होतं. "जसे आहेत तसे. मी संध्याकाळी बघते."

मी घातले. पिंकी झोळीत झोपलेली. बटण दाबलं. लाल रेघ. आणि खाली आकडा एकोणीस.

एकोणीस कधीच आला नव्हता. तीन यायचा, एक यायचा. मला वाटलं माझ्या बोटाने काहीतरी मोडलं. परत घातले, परत एकोणीस. मुंबईचे सर परवा येणार. मग मी एका सहाचा सात केला. सतरा आले. म्हणून दुसरा केला. एका ठिकाणी पाच केला. पंधरा. मला कळत होतं मी काय करतेय, आणि हात थांबत नव्हता, इथे एक वाढव, तिथे एक कमी कर, नियम नाही काही नाही, जिथे शेजारचे आकडे सारखे दिसतील तिथे एकाला उचलायचं, आणि शेवटी दोन. हिरवी.

मग मी खोडरबर घेतला आणि कागदावरचे आकडे पण तसेच केले.

संध्याकाळी बेन आल्या, चपला न काढता पडद्यापाशी गेल्या. हिरवी रेघ बघून त्यांचं तोंड उतरलं नाही, नवल वाटल्यासारखं झालं. "हा पास झाला? सपाट? मला वाटलं होतं हा तरी आपटेल." मग माझ्याकडे वळून, काही संशय नाही, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "होते तसेच घातलेस ना ग?"

मी म्हणाले, "हो बेन."

एवढंच. दोन शब्द. लाल रेघ आली असं सांगितलं असतं तर त्यांनी टाळी वाजवली असती आणि मला नानखटाईला पाठवलं असतं. अजून दोन दिवस हातात होते. तीन दिवसांत त्यांनी पिंकीचा पाय सरळ केला होता.

कॉलेजात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. "पाहुणे तू आणलेस, तर तू पण बघ." मी पिंकीला घेऊन मागे उभी. पंधरा-वीस माणसं, मोठे सर, मुंबईचे सर पुढे, बारीक, शांत. बेनने तिथल्या कॉम्प्युटरवर सगळं दाखवलं. पिंकीचा पाय दाखवला तेव्हा मुंबईचे सर हसले, चांगलं हसले. मग बेन म्हणाल्या, "आणि आता हे सपाट मैदान. हे माझ्या मंगलच्या वसाहतीचं आहे. आम्ही दोघींनी मोजलंय." हिरवी रेघ आली.

मुंबईचे सर पुढे वाकून आकडे बघत राहिले. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "बाई, सपाट मैदान म्हणता, आणि शेजारशेजारचे दोन आकडे कुठेच सारखे नाहीत. असं मैदान मी बघितलं नाही."

बेननी पडद्याकडे बघितलं. मग हातातल्या कागदाकडे. कागदाला खोडलेल्याच्या काळ्या खुणा होत्या, त्या मला मागून दिसत होत्या, म्हणजे त्यांना दिसल्याच असणार. मग त्यांनी मागे बघितलं, माझ्याकडे, एकदाच. मी पिंकीच्या केसांत तोंड घातलं.

त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकत होत्या. तसं काही केलं नाही. चष्मा घातला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. वाकडा पाहुणा दारात उभा आहे, त्याला आत घेऊ." आणि स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर, एका ओळीत सहा, सहा, सहा, सहा घातले आणि बटण दाबलं. लाल.

या वेळी टाळी नाही वाजवली त्यांनी. मोठ्या सरांनी विचारलं, "पहेलां आ आंकडा कोणे भर्या हता?" हे आधीचे आकडे कोणी भरले होते?

"मी," बेन म्हणाल्या. "माझी तपासणी कमी पडली."

मी तिथे उभी होते. चार पावलांवर. तोंड उघडायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. पिंकीने माझ्या गळ्यातली पोत ओढली, मी तेवढंच सोडवत बसले.

दोन दिवसांनी टेम्पो येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. मी त्या दिवशी कामावर गेले, कारण न जायची पण भीती वाटली. टेबलावर कॉम्प्युटरच्या जागी धुळीचा चौकोन. पंखा बेनने पूर्ण पिंकीकडे वळवून ठेवला होता. त्यानेच मला रडू फुटलं. बेन खिडकीपाशी तो कागद उजेडात धरून बसल्या होत्या.

"मंगल, चाल, बेस. रडू नको, मला काम आहे. दोन आकडे सारखे होते तेव्हा कोणत्या आकड्याला मोठं केलंस? कसं ठरवलंस?"

"बेन, माझं चुकलं, मला वाटलं कॉम्प्युटर जाईल, मला..."

"ते मला कळलं. मी विचारते ते सांग. डावीकडचा उचललास की उजवीकडचा?"

"मनाला येईल तसा."

"हं." त्यांनी चष्मा काढून पिंकीच्या दुधाच्या वाटीत ठेवला. "मनाला येईल तसा नाही चालणार. पण उचलायचा हे खरं आहे. आकडा नाही बदलायचा, आकडा तसाच राहू द्यायचा, पण सारखे दिसले की जो आधी आला तो लहान समजायचा. दर वेळी तोच नियम. मग खोटं नाही होत ते." आणि कागदाच्या मागे लिहायला लागल्या. मला विसरल्याच.

त्या रागावल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी परत गेले असते. एक थोबाडीत दिली असती तर मी जन्मभर त्यांची भांडी घासली असती. पण त्यांनी माझ्या खोट्यातलं कामाचं तेवढं काढून घेतलं आणि बाकीचं माझ्याजवळच राहू दिलं. मी वाटी विसळली, चष्मा पुसून टेबलावर ठेवला, आणि परत गेले नाही. बेनच्या घराची चावी सासूबाईंच्या हाती पाठवून दिली, पिंकी आजारी आहे म्हणून. ते पण खोटं.

त्यानंतर बेन एकदाच दिसल्या. दिवाळी होऊन गेलेली, दुपार होती. सासूबाई दारात साडी घेऊन बसलेल्या, त्या आत आल्या, बेन आल्यात आणि बोलावतायत हे सांगायला. "ती तुनी बेन येल शे. तुले बलाई राह्यनी."

"मी घर नही असं सांगा," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. पण सांगितलं त्यांनी. बेनचा आवाज आला, "बरं, बरं. मग हे तिला द्या," आणि सासूबाई नानखटाईचा पुडा घेऊन आत आल्या आणि तो माझ्यासमोर ठेवला.

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. मैदानात बेन एकट्या, मी खोडलेले आकडे परत मोजायला आलेल्या. भिकनदादांच्या घरून नळी मागून घेतलेली, पण भिकनदादा कामावर गेलेले. नळीला दोन माणसं लागतात. बेनने एक टोक विजेच्या खांबाला चिंधीने बांधलं, दुसरं टोक हातात घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत गेल्या, तिथे काठीला लावून धरलं, मग ते टोक विटांत उभं करून खांबाकडे चालत आल्या, पाणी कुठे आलं ते बघितलं, वहीत लिहिलं, परत मध्यापर्यंत गेल्या. एका आकड्याला दोन खेपा. ऊन होतं. मी खेपा मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

पिंकीला बेनचा आवाज ओळखीचा वाटला असेल, ती दाराकडे जायला लागली, मी ओढली, ती रडली. मोठ्याने. मी तिच्या तोंडावर हात ठेवला पण आवाज गेला होता.

बेन खांबापाशी थांबल्या. आमच्या दाराकडे बघितलं. पिंकीचं रडणं त्या ओळखत होत्या, वर्षभर अर्ध्या पंख्यासमोर ऐकलं होतं. मग वहीत लिहिलं आणि पुढच्या जागी गेल्या.

सगळं झाल्यावर त्यांनी नळीतलं पाणी मैदानात ओतून दिलं. ते पाणी कुठेच गेलं नाही. पसरलं आणि तिथेच थांबलं, ना इकडे ना तिकडे. बेन वाकून बघत राहिल्या, आणि मग त्यांनी टाळी वाजवली, एकच, मोठी, आणि कोणाला तरी दाखवायला मान वळवली.

मी खिडकीखाली बसले.